हवा हलते की बदलते?
घरातील व दवाखान्यातील वायुवीजन मोजण्याविषयी

(जनहितार्थ. बंगळुरू येथील मराठी भाषक कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचे बोलणे मी एका खोलीपासून सुरू करते. परिचर्येचे शिक्षण संपवून सार्वजनिक आरोग्याच्या कामात मी नुकतीच आले होते. सांगलीकडून कामधंद्यासाठी येऊन बंगळुरूत स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे गृहभेटीसाठी जाण्याचा प्रसंग आला. घरातील आजींना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान चार दिवसांपूर्वी झाले होते आणि औषधे सुरू झाली होती. मुलाने आईसाठी आतली खोली रिकामी करून दिली होती, नवा टेबलपंखा आणला होता. डिसेंबरचा गारठा आणि डास यांमुळे खोलीची एकुलती एक खिडकी बंद होती. ‘ताई, हवेची काळजी नको, पंखा रात्रंदिवस चालू असतो,’ असे सूनबाईंनी आवर्जून सांगितले.

आजींना आम्ही दारासमोरच्या उन्हात बसवले, नेहमीप्रमाणे बाहेरचे दार लोटून घेतले आणि त्यांच्या उशाशी एक उदबत्ती धरली. धूर पंख्याच्या झोताबरोबर खोलीभर फिरला, मधल्या दारातून बाहेरच्या खोलीत आला आणि जेथे नातवाची अभ्यासाची सतरंजी अंथरलेली होती त्या कोपऱ्यावर रेंगाळत राहिला. घराबाहेर पडण्यास त्याला वाटच नव्हती. कोणी काही बोलले नाही. सूनबाई उठल्या आणि त्यांनी खिडकीची कडी काढली.

त्या धुराने जे दाखवले तेच आज मला सांगायचे आहे. हवा हलणे वेगळे आणि हवा बदलणे वेगळे. पंखा हवा हलवतो. त्यामुळे घाम वाळतो आणि अंगाला बरे वाटते. परंतु खोलीतील वापरलेली हवा बाहेर जाऊन तिच्या जागी बाहेरची हवा आली नाही, तर पंख्याने केवळ तीच हवा पुन्हा पुन्हा सर्वांच्या नाकाशी नेली, एवढाच त्याचा अर्थ होतो. हवा बदलण्याच्या या क्रियेला वायुवीजन म्हणतात. ते पुरेसे आहे की नाही हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. ते मोजता येते, आणि त्याचा प्राथमिक हिशेब प्रत्येक घराला करता येतो.

हवेचा आणि रोगाचा संबंध

फुप्फुसाचा क्षयरोग हवेवाटे पसरतो. उपचार न घेतलेला रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो, तेव्हा अतिशय सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. त्यांतील पाणी क्षणार्धात सुकते आणि जंतू असलेले कण उरतात. ते इतके हलके असतात की बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहू शकतात. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तेथे येऊन बसलेल्या माणसाच्या श्वासात ते जाऊ शकतात. गोवर, कांजिण्या आणि कोविड हे रोगही हवेवाटे पसरतात. उघड्यावर हेच कण वाऱ्याने विरळ होतात आणि सूर्यप्रकाशात जंतूंचा नाश होतो. संसर्गाचा धोका म्हणूनच बंद, दाटीच्या आणि अंधाऱ्या जागेत सर्वांत अधिक असतो.

येथे कोणी विचारील की मग रुग्णाला घरातच का ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशानेच जगाला दिले आहे. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आणि आरोग्यधामात ठेवलेले रुग्ण यांची तुलना केली. औषधे नियमित घेतली तर घरी राहूनही रुग्ण बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोका पोहोचत नाही, असे तिचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आपल्या या बंगळुरूत राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची स्थापना झाली आणि घरी राहून उपचार घेण्यावर आधारलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची घडण तेथून झाली. रुग्णाला घराबाहेर काढण्याचे कारण तेव्हापासून उरलेले नाही. प्रभावी औषधे सुरू झाल्यावर संसर्ग पसरवण्याची त्याची शक्ती झपाट्याने घटते.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निदान होण्यापूर्वीच्या आठवड्यांत, जेव्हा खोकला ‘साधाच’ वाटत असतो, तेव्हा घरातील माणसांना संसर्ग होण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्या काळात कोणालाच काही ठाऊक नसते. त्यामुळे खिडकी उघडण्यासाठी निदानाची वाट पाहून चालत नाही. चांगली हवा ही घराची रोजची सवय असावी लागते.

अंगाला वारा लागला म्हणजे हवा बदलली असे नव्हे

आपण हवेचा अंदाज त्वचेवरून घेतो, आणि तेथेच फसतो. वाऱ्याचा वेग वर्णन करणारी ब्यूफोर्ट श्रेणी हवामानशास्त्रात वापरली जाते. तिच्यानुसार वारा सेकंदाला सुमारे ०.३ ते १.५ मीटर वेगाने वाहत असताना धुराची दिशा कळते, पण चेहऱ्यावर वारा जाणवत नाही. तो जाणवू लागतो सेकंदाला १.६ मीटरच्या पुढे. खिडकीतून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत येणारी हवा चेहऱ्याला कळतही नाही. परंतु तिला बाहेर पडायला दुसरी वाट असेल तर ती संपूर्ण खोली काही मिनिटांत धुऊन काढते. उलट पंख्याचा झोत केस उडवतो आणि बंद खोलीतील एक घोटही हवा बदलत नाही. या कामासाठी त्वचा हे भरवशाचे साधन नाही. धूर, मोजपट्टी आणि घड्याळ ही अधिक भरवशाची साधने होत.

मोजायच्या गोष्टी तीन: हवा कोणत्या दिशेने जाते, किती वेगाने जाते आणि तासाभरात किती जाते.

दिशा. यासाठी एक उदबत्ती पुरे. तिच्या उष्णतेमुळे धूर आरंभी सरळ वर चढतो. तो थोडा वर जाऊन निवल्यावर कोठे वळतो ते पाहावे. खिडकीजवळ, दाराजवळ, पलंगाजवळ आणि मुले जेथे बसतात तेथे, अशा चार ठिकाणी पाहावे. दाराच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही उंचींवर पाहिल्यास पुष्कळदा असे आढळते की वरून उबदार हवा बाहेर जाते आणि खालून गार हवा आत येते. जुन्या घरांत छताजवळ झरोके ठेवीत त्याचे कारण हेच. ही चाचणी करताना रुग्णाला, दमेकऱ्याला आणि लहान मुलांना बाहेर बसवावे, पडदे व गॅस यांपासून दूर राहावे आणि उदबत्ती लगेच विझवावी. उदबत्तीचा धूर स्वतःही फुप्फुसांना अपायकारकच असतो. धूर नको असल्यास पातळ कागदाची अरुंद पट्टी काठीला बांधून तिचा कल पाहिला तरी चालते.

वेग. धुराचा पुंजका एक मीटर अंतर किती सेकंदांत कापतो हे मोजल्यास वेगाचा ढोबळ अंदाज येतो. दोन सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. अधिक नेमकेपणा हवा असेल तेव्हा वायुवेगमापक हे उपकरण वापरतात. त्याच्या एका प्रकारात लहानसे पाते हवेने फिरते, दुसऱ्या प्रकारात तापवलेली तार हवेने किती थंड होते त्यावरून वेग कळतो. मंद हवेसाठी हा दुसरा प्रकार अधिक उपयोगी. दवाखान्यात मोजणी करताना उपकरण खिडकीच्या मधोमध एकदाच धरून चालत नाही, कारण कडेला आणि मध्यभागी वेग निरनिराळा असतो. मोकळ्या भागाचे सारखे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकात मोजावे आणि सरासरी काढावी.

प्रमाण. येथे थोडे गणित आहे, पण ते शाळेतलेच आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार केला की खोलीचे घनफळ मिळते. खिडकीचा जेवढा भाग खरोखर उघडा राहतो त्याच्या लांबी-रुंदीचा गुणाकार केला की हवेच्या वाटेचे क्षेत्रफळ मिळते. सरकत्या खिडकीचे अर्धेच तावदान उघडते. तेथे अर्धेच क्षेत्रफळ धरावे. तासाभरात आत आलेल्या बाहेरच्या हवेला घनफळाने भागले म्हणजे ताशी हवाबदल कळतो, अर्थात खोलीभर हवा तासातून किती वेळा आत आली ते.

एका खोलीचा हिशेब

चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेऊ. फुटांच्या भाषेत ती सुमारे १३ फूट बाय १० फूट, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरातली. तिचे घनफळ ३६ घनमीटर. सरकती खिडकी अर्धी उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा ०.६ चौरस मीटर. बाहेरचा वारा अगदी मंद, सेकंदाला अर्धा मीटर.

जागतिक आरोग्य संघटनेने अशा अंदाजासाठी सोपी सूत्रे दिली आहेत. खोलीला समोरासमोर दोन वाटा असतील तर त्यांतील लहान वाटेचे क्षेत्रफळ, वाऱ्याचा वेग आणि ०.६५ यांचा गुणाकार करावा. एकाच बाजूला वाट असेल तर ०.६५ च्या जागी ०.०५ घ्यावे. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते. ३,६०० ने गुणले की तासाचे प्रमाण मिळते.

आता खिडकी उघडी, पण दार बंद असे धरू. तासाला ५४ घनमीटर हवा येते, म्हणजे हवाबदल ताशी दीड. हीच हवा सेकंदाला १५ लिटर होते. माणशी सेकंदाला किमान १० लिटर बाहेरची हवा मिळावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ मधील शिफारस आहे. या खोलीत तिघे झोपत असतील तर ३० लिटर हवेत, मिळतात १५.

आता समोरचे दार उघडू आणि त्या दारापलीकडे बाहेर उघडणारी दुसरी खिडकी किंवा सज्जा आहे असे धरू. तोच वारा, तीच खिडकी. तासाला ७०२ घनमीटर हवा येते आणि हवाबदल ताशी १९ ते २० होतो. एक दार उघडल्याने हवा तेरा पटींनी वाढली. यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

या आकड्यांचा अर्थ रोगाच्या भाषेत असा. एका हवाबदलाने खोलीतील सगळे दूषित कण जात नाहीत. नवी हवा जुनीत मिसळत असल्याने सुमारे ६३ टक्के जातात. रुग्ण खोलीबाहेर गेल्यानंतर तरंगणाऱ्या कणांपैकी ९९ टक्के निघून जाण्यास ताशी दोन हवाबदल असताना १३८ मिनिटे, सहा असताना ४६ मिनिटे आणि बारा असताना २३ मिनिटे लागतात. आपल्या उदाहरणातील खोलीला दार बंद असताना तीन तासांहून अधिक वेळ लागेल, दार उघडे असताना सुमारे १४ मिनिटे.

हा अंदाज आहे, हे विसरू नये. वारा पडला की आकडा कोसळतो. म्हणून सकाळी, दुपारी आणि रात्री, अशा तीन वेळा पाहावे आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा मानावा. बंगळुरूत पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि हिवाळ्यात पूर्वेकडून. जुलैत उत्तम हवा देणारी खिडकी जानेवारीत तशीच उपयोगी पडेल असे नाही.

कर्बद्विवायू मोजणारे छोटे उपकरण हल्ली मिळते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. श्वासावाटे आपण तो सोडत असल्याने बंद खोलीत ते चढत जाते. माणसे बसलेली असताना ते सतत १,००० च्या वर राहत असेल, तर बाहेरची हवा अपुरी पडते आहे असे समजावे. गॅसची शेगडी चालू असताना मात्र हे मोजमाप करू नये. ज्वलनामुळेही आकडा वाढतो.

नेहमीच्या चार चुका

पहिली चूक पंख्याची. ती आपण पाहिली. पंखा वापरू नये असे मुळीच नाही. खिडक्या उघड्या ठेवून, रुग्णाकडून खिडकीकडे झोत जाईल अशा रीतीने ठेवलेला पंखा मदतच करतो. रुग्णाकडून दाराकडे झोत गेला तर तोच पंखा अपाय करतो.

दुसरी चूक वातानुकूलन यंत्राची. घरातील नेहमीचे वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा आत ओढते, थंड करते आणि पुन्हा सोडते. त्याचा एक भाग बाहेर भिंतीवर बसवलेला असतो म्हणून बाहेरची हवा येत असेल असे वाटते; पण त्या दोन भागांमधल्या नळीतून हवा नव्हे, शीतकारक द्रव्य वाहते.

तिसरी चूक हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याची, म्हणजे एक्झॉस्ट फॅनची. त्याच्या माहितीपत्रकावर ताशी ३६० घनमीटर असे लिहिले असेल, तर आपल्या ३६ घनमीटरच्या खोलीत त्याने ताशी दहा हवाबदल व्हावेत. परंतु दारे-खिडक्या गच्च बंद करून तो चालवला तर आत येण्यास हवाच नसल्याने पाती फिरतात आणि काम होत नाही. जितकी हवा बाहेर टाकायची तितकी आत येण्याची वाट ठेवावीच लागते. कागदाचा पातळ तुकडा पंख्याच्या जाळीजवळ धरावा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. गळून पडत असेल तर पाती धुळीने भरली आहेत, किंवा आत येणारी वाट बंद आहे.

चौथी चूक जीवघेणी आहे आणि ती क्षयरोगाशी संबंधित नाही. तरी हवेविषयी बोलताना ती वगळणे योग्य होणार नाही. लहानशा बंद न्हाणीघरात गॅसवर चालणारा गिझर लावलेला असतो. जळणाऱ्या गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेली व्यक्ती काही मिनिटांत बेशुद्ध होते आणि आत कडी असल्यामुळे मदतही वेळेवर पोहोचत नाही. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. छोटा झरोका आहे, पंखा आहे, म्हणून धोका नाही असे मानू नये.

घर उभे राहण्यापूर्वीची हवा

एवढे करूनही काही घरांत आकडा वाढत नाही. तेथे दोष घरातील माणसांच्या सवयींचा नसतो, इमारतीचा असतो. ही जाणीव नवी नाही. १८९८ मध्ये बंगळुरूत प्लेगची साथ आली, तेव्हा जुन्या पेठेतील दाटी कमी करण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या गेल्या. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हवेमुळे नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले. पण मोकळ्या घरांचा लाभ तेथील पिढ्यांना मिळाला. त्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये चाळींतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले होते. प्रकाशकोनाचा, साडेत्रेसष्ट अंशांचा जो नियम ट्रस्टने पुरस्कारला, त्याचा सोपा अर्थ असा, की समोरच्या इमारतीची जितकी उंची, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे असावे.

शंभर वर्षांनी त्याच मुंबईत, गोवंडी-मानखुर्दच्या परिसरात, झोपडपट्टीवासीयांसाठी पुनर्वसन वसाहती बांधल्या गेल्या. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे बहुमजली इमारतींमधील अंतर सुमारे तीन मीटर ठेवले गेले. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेल्या अभ्यासात तेथील घरांतील उजेड आणि हवा यांची अवस्था व क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध तपासला गेला. दाटीच्या या इमारतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, उजेड आणि हवा कमी आणि क्षयरोग अधिक असे चित्र समोर आले. पक्के छत मिळाले आणि हवा गेली, असा तो व्यवहार ठरला.

आपल्या शहरातही घराला घर चिकटून उभे राहत आहे आणि एकाच खोलीचे प्लायवुडने तीन भाग करून ती भाड्याने दिली जात आहे. म्हणून भाड्याचे घर पाहताना नळाला पाणी येते का हे जसे विचारतो, तसे एक काम अवश्य करावे: दारे-खिडक्या उघडून मधोमध उभे राहावे आणि हवा कोठून येते, कोठून जाते ते पाहावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खिडक्या व झरोके यांचे क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात किमान एक षष्ठांश असावे. मोजपट्टी असेल तर याचा हिशेब दोन मिनिटांत होतो.

दवाखान्यातील बैठक

हाच विचार दवाखान्यालाही लागू पडतो. क्षयरोगाची जोखीम अधिक असलेल्या आरोग्यसेवेच्या जागांत ताशी किमान १२ हवाबदल असावेत, असे २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अपेक्षित आहे. महागड्या यंत्रांवाचून ते शक्य असते. पेरू देशातील लिमा येथे आठ रुग्णालयांत केलेली मोजणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या उघडल्यावर तेथील खोल्यांत ताशी सरासरी २८ च्या आसपास हवाबदल आढळले. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या.

आपण रुग्ण म्हणून किंवा सोबती म्हणून दवाखान्यात जाल, तेव्हा शक्यतो ओसरीत किंवा झाडाखाली थांबावे. खोकला असल्यास मुखपट्टी लावावी आणि ते आधी सांगावे, म्हणजे आपला क्रमांक लवकर लावता येतो. थुंकीचा नमुना मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून द्यावा. स्वच्छतागृहात देऊ नये. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची किंवा परिचारिकेची जागा अशी असावी की स्वच्छ हवा आधी त्यांच्याकडे येईल, मग रुग्णाकडे आणि तेथून खिडकीबाहेर जाईल. कोणी आपली खुर्ची खिडकीजवळ सरकवायला सांगितले, तर तो तुसडेपणा मानू नये.

काही रास्त शंका

‘गार वारा लागेल’ ही शंका प्रत्येक घरात निघते, विशेषतः आजारी माणसाच्या आणि बाळंतिणीच्या खोलीत. वारा लागून क्षयरोग होत नाही, आणि खिडकी उघडी राहिल्याने तो बळावत नाही. थंडीचा उपाय पांघरूण, कानटोपी आणि मोजे हा आहे. खिडकी बंद करणे हा नव्हे. बाळाला थेट झोतात ठेवू नये, मात्र खोली कोंडू नये. परिचर्याशास्त्राच्या अग्रणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये आपल्या पुस्तकात सर्वांत पहिले स्थान याच तत्त्वाला दिले होते: रुग्णाच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राहावी आणि तरीही त्याला थंडी बाजू नये. दोन्ही एकाच वेळी साधता येते.

डासांसाठी जाळी लावावी. त्याच सूत्रात जाळी असल्यास ०.६५ ऐवजी ०.५ घेतात, आपल्या खोलीचा हवाबदल तेव्हाही ताशी १५ राहतो. जाळीवर धूळ साचली की ही हवा घटते, म्हणून ती नियमित धुवावी. चोरांची भीती असल्यास लोखंडी गज बसवून खिडकी उघडी ठेवता येते. रस्त्याचा धूर आत येत असेल तर रहदारी कमी असण्याच्या वेळी, किंवा रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या उघडाव्यात. कचरा जाळला जात असेल तेवढा वेळ खिडकी बंद ठेवून नंतर उघडावी.

आणि शेवटची गोष्ट मनाची आहे. घरातील आजारी माणसाला आपण सवयीने सर्वांत आतली, शांत, अंधारी खोली देतो. त्यात माया असते. क्षयरोगाच्या बाबतीत क्वचित लपवाछपवीही असते. ही रीत बदलावी. रुग्णाला घरातील सर्वांत उजेडाची आणि हवेची जागा द्यावी. ज्याची हवा सर्वांत आधी घराबाहेर जायला हवी, त्याचाच पलंग खिडकीशी हवा.

ज्या आजींपासून मी सुरुवात केली, त्यांचा पलंग त्याच दिवशी खिडकीशी सरकवण्यात आला. नातवाची तपासणी झाली. त्याला रोग नव्हता, आणि प्रतिबंधात्मक औषधे सुरू करण्यात आली. पुढच्या भेटीत आजी कानटोपी घालून, शाल पांघरून उघड्या खिडकीशी बसल्या होत्या आणि गारठ्याबद्दल माझ्याकडे तक्रार करीत होत्या. खिडकी मात्र त्यांनी कोणाला लावू दिली नव्हती.

थोडक्यात

१. घरातील समोरासमोरच्या दोन वाटा दिवसातून अधिकाधिक वेळ, आणि शक्य असेल तेथे रात्रीही, उघड्या ठेवाव्यात.

२. उदबत्तीच्या धुराने किंवा कागदी पट्टीने हवेची दिशा वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, तपासावी.

३. पंखा खिडक्या उघड्या असतानाच वापरावा आणि रुग्णाकडून खिडकीकडे झोत जाईल असा ठेवावा.

४. गॅसचा गिझर न्हाणीघरात बसवू नये.

५. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे यांपैकी काहीही असल्यास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तेथे विनामूल्य मिळतात.

६. निदान झाल्यास औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत आणि घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. खिडकी उघडणे हा औषधांना पर्याय नाही.

अधिक माहितीसाठी निःशुल्क निक्षय साहाय्य क्रमांक: १८००-११-६६६६.